डिस्क नीट मोकळी कर

हुपरी,
९ जानेवारी २०२५

चि. उदयसिंह यास आण्णामामाचा आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. तासाभराच्या वाटेवर मामा राहतो आणि कागद खरडत बसतो. पण माझे दोन्ही कान आता कामातून गेले, हे तुला माहीत आहे. फोनवर तू काय बोलतोस ते मला कळत नाही, आणि मी बोलतो ते अख्ख्या गल्लीला कळतं. मोबाइलवर लिहा म्हणशील, तर माझं एक बोट तीन अक्षरांवर पडतं. मागे तुझ्या आईला 'बरा आहे' असं लिहिलं ते 'बारा आहे' होऊन गेलं. ती बिचारी दिवसभर बारा काय, बारा काय करत बसली.

कामाचं सांगतो. शेजारचा सयाजी रोज शिरोलीला फौंड्रीत जातो, त्याच्याबरोबर पोत्यात बांधून पृथ्वीचा कॉम्प्युटर पाठवला आहे. पत्रही त्याच्याच हाती देतोय. पृथ्वी शिरोलीत साचेवाल्याकडे बसल्या जागी कोसळून गेला, त्याला येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. तेव्हापासून त्या कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं होतं. दिवाळीत वर्षाने पहिल्यांदा कापड काढून बटण दाबलं, तर पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. माझी सून म्हणून सांगत नाही, पण आता पैंजणाचं सगळं काम तीच बघते. कारागीर तिलाच विचारतात. मी आपला कड्या सांधण्यापुरता उरलोय. नमुनेसुद्धा आता स्वतः काढेन म्हणते.

तर तिला नवा कॉम्प्युटर बांधून दे. चांगल्यातला दे. जुन्यातलं बाकी काय ठेवायचं, काय टाकायचं ते तू बघ, पण आतली ती डिस्क तीच ठेवायची. ती आधी नीट मोकळी कर आणि मगच नव्यात घाल. हे काम तुझ्या हाताने कर, दुसऱ्या कुणाला देऊ नको आणि घाई करू नको. नमुन्यांची काळजी नाही, ते सगळे वर्षाच्या वहीत उतरवलेले आहेत.

वर्षाला फोन करू नकोस. तिला दुरुस्तीला दिलाय एवढंच सांगितलंय. नवा आयता दारात आलेला बघू दे तिला. दोन वर्षांत तिच्या दारात चांगलं असं काही आलेलं नाही.

तुझा
आण्णामामा


राजारामपुरी, सातवी गल्ली,
२१ जानेवारी २०२५

ती. स्व. आण्णामामांस साष्टांग नमस्कार.

पोतं मिळालं. सयाजीने दुकानात आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "पावणं, जपून. म्हाताऱ्यानं वाटंत तीन डाव सांगून धाडलंय." मी पावणा नाही, भाचा आहे, हे त्याला सांगायचं राहिलं.

कॉम्प्युटर उघडला तर आत बोटभर चांदीची धूळ. त्यानेच मदरबोर्ड गेला असावा. हा कॉम्प्युटर दहा वर्षांपूर्वी मी आणि पृथ्वीदादाने माझ्या जुन्या दुकानात बसून जोडला होता. एक स्क्रू तेव्हाच हरवला होता, त्याच्या जागी दादाने चांदीची तार पिळून बसवली होती. ती अजून तिथेच आहे. ती मी काढून ठेवली, वहिनींना देईन.

नवा तयार झाला. काळं कॅबिनेट, मोठा पडदा, बटण दाबल्यावर दहा सेकंदांत चालू होतो. दादाची डिस्क तुम्ही म्हणालात तशी नीट मोकळी केली. साधं करायचं तर पाच मिनिटांचं काम होतं, पण तुम्ही नीट म्हणाला होतात म्हणून मी पूर्ण चार तास दिले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता डिस्क नव्यासारखी झाली आहे. जुनी असली तरी तब्येत ठणठणीत आहे, अजून पाच-सात वर्षं बघायला नको.

शनिवारी हुपरीच्या टेम्पोतून पाठवतो. मी स्वतःच आलो असतो, पण परीक्षा तोंडावर आल्यात आणि इथल्या प्रत्येक क्लासवाल्याचा कॉम्प्युटर नेमका आत्ताच आजारी पडतो. वहिनींना सगळं जोडता येतं, दादाने शिकवलंय.

आपला
उदय


हुपरी,
२८ जानेवारी २०२५

चि. उदयसिंह यास आशीर्वाद.

कॉम्प्युटर पोचला. वर्षा तो बघून दारातच उभी राहिली. मग माझ्याकडे तोंड करून, मला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणाली, "आण्णा, ह्यात त्यांची डिस्क हाय न्हवं?" मी मान हलवली. तिने पदर खोचला आणि अर्ध्या तासात सगळं जोडून मोकळी झाली.

पहिल्या पत्रात जे लिहिलं नव्हतं ते आता लिहितो. पृथ्वीला एक खोड होती. नवा नमुना तयार झाला की तो पैंजण माईकपुढे धरायचा. आधी नमुन्याचा नंबर बोलायचा, घुंगरं किती, कडी कसली ते सांगायचा, मग पैंजण वाजवायचा. दोन नमुन्यांच्या आवाजात काय फरक पडला ते नंतर ताडून बघायचा. आणि वाजवून झाल्यावर तोंड चालूच असायचं. आज बाप कसा चिडला, बायको काय म्हणाली, व्यापाऱ्याने कसं बनवलं, सगळं त्यातच. असे दोनशेच्या वर नमुने आहेत. आमच्या घरात त्याचा आवाज म्हणून तेवढाच आहे. लग्नाच्या सीडीत नुसता बँड वाजतो, हा तोंड उघडत नाही. मोबाइल त्या दिवशी त्याच्या हातातून पडला तो परत उघडलाच नाही.

दोन वर्षं वर्षा ती खोली झाडायची, पण कापड उचलायची नाही. दिवाळीत म्हणाली, आता ऐकेन. आता मला ऐकवेल असं वाटतं. आणि नेमका तेव्हाच तो चालू होईना. म्हणून तुझ्याकडे पाठवला. कानाला लावून ऐकायचं ते हेडफोनचं यंत्रसुद्धा तिने स्वतःसाठी आणून ठेवलंय, खोक्यातून अजून काढलेलं नाही.

आता डिस्क दिसते, पण तिच्यात काही दिसत नाही म्हणते. मी म्हटलं, उदय एखादी वायर जोडायची विसरला असेल. ती म्हणाली, "वायर नसती तर डिस्कच दिसली नसती, आण्णा." तिला बरंच कळतं, पण तुला तिच्याहून जास्त कळतं. ये आणि बघ. एकवीस फेब्रुवारीला दोन वर्षं होतात, त्याच्या आत झालं तर तिच्या मनासारखं होईल.

तुझा
आण्णामामा


राजारामपुरी,
३० जानेवारी २०२५

ती. स्व. आण्णामामांस नमस्कार.

पत्र मिळालं. काळजी करू नका. जुनी डिस्क नव्या कॉम्प्युटरला कधी कधी ओळख दाखवत नाही. वहिनींना सांगा, त्या डिस्कवर नवीन काहीही ठेवू नका. ती काढून सयाजीबरोबर माझ्याकडे पाठवा. बाकी कॉम्प्युटर तिच्याशिवाय चालेल. मी दोन दिवसांत कळवतो.

येता येत नाही, कामं फार आहेत.

उदय


हुपरी,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. उदयसिंह यास,

दोन दिवसांचे अठरा झाले. डिस्क तुझ्याकडे आहे, निरोप नाही. वर्षा फोन करते तो तू उचलत नाहीस. सयाजी परवा दुकानाशी आला, तर त्याला बघून तू मागच्या दाराने चहाला गेलास म्हणे. चहा एवढा तासभर पितोस हे मला माहीत नव्हतं. पृथ्वी तुला 'उद्या' म्हणून हाक मारायचा आणि तुझी आई चिडायची. आता मला वाटतं, पोराने नाव बरोबर ठेवलं होतं.

वर्षा मला काही विचारत नाही. दुपारी कारागीर जेवायला गेले की त्या खोलीत जाऊन बसते. नव्या कॉम्प्युटरवर नमुने काढते. चांगले काढते. काल एक काढून मला दाखवला, घुंगरांची ओळ जरा दाट होती. मी म्हटलं, वाजल्यावर कळेल. तिचे ओठ मला वाचता येतात, पण ते हल्ली हलतच नाहीत.

जे असेल ते सरळ लिही. मला ऐकू येत नाही, वाचता येतं.

आण्णामामा


राजारामपुरी,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आण्णामामांस साष्टांग नमस्कार.

काल दादाला दोन वर्षं झाली. मी यायला निघालो होतो. स्टँडवर हुपरीच्या गाडीत बसलोसुद्धा, आणि गाडी सुटायच्या आधी उतरलो.

मामा, डिस्कवर काही नाही. दादाचा आवाज मी पुसला.

तुमच्या पत्रात होतं, आधी नीट मोकळी कर आणि मगच नव्यात घाल. आमच्या धंद्यात डिस्क मोकळी म्हणजे रिकामी. गिऱ्हाईक दिवसभर हेच विचारतं, किती भरली, किती मोकळी आहे. तुम्ही पुढे लिहिलं होतं की नमुने वहीत आहेत, काळजी नाही. मी समजलो, जुनं काही नको, वहिनींना कोरी डिस्क हवी. साधी पुसली असती तर मागचं परत काढता येतं, पाटी हाताने पुसली तरी अक्षर अंधुक दिसतं तसं. पण तुम्ही नीट म्हणाला होतात. दादाची डिस्क म्हणून मी मनापासून केलं. एकेक जागा शून्याने भरायला लावली. ते चार तास चाललं आणि मी शेजारी बसून चहा पीत बघत होतो, मध्येच थांबू नये म्हणून.

तुमचं अठ्ठावीस तारखेचं पत्र वाचलं आणि मी काय केलं ते कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी डिस्क मागवून घेतली, म्हटलं काहीतरी निघेल. पुण्यात एकजण गेलेला डेटा काढून देतो. त्याच्याकडे घेऊन गेलो. आठ दिवस ठेवून घेऊन त्याने हात जोडले. म्हणाला, इतकं स्वच्छ काम केलंय की शोधायला काही शिल्लकच नाही.

मी रोज पाच माणसांना विचारतो, आतलं ठेवायचं की काढायचं? तुम्हाला विचारलं नाही. तुम्हाला फोन ऐकू येत नाही, आणि वहिनींना फोन करू नको असं तुम्ही लिहिलं होतं, ही कारणं झाली. एक चिठ्ठी लिहायला किती वेळ लागतो? सयाजी रोज दारावरून जातो.

मला शिव्या द्या. वहिनींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, तसं मी करतो. मला स्वतःहून जमत नाही.

उदय


हुपरी,
१ मार्च २०२५

चि. उदयसिंह यास,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्या दुकानापुढे येऊन बोंब मारावी असं वाटलं. कानाने गेलो असलो तरी आवाज अजून खणखणीत आहे. मग माझी स्वतःची चिठ्ठी आठवली.

आमच्यात एखादी कडी चुकीच्या जागी सांधली गेली तर ती तोडत नाहीत. हळू तापवून, नक्षीला ओरखडा येऊ न देता बाजूला घेतात. त्याला कडी मोकळी करणं म्हणतात. कडीतलं काही जात नाही, ती होती तशी हातात येते. पन्नास वर्षं तोंडात बसलेला शब्द. माझ्या मनात एवढंच होतं की मोडक्या डब्यातून पोराची डिस्क धक्का न लागता बाहेर काढ. नीट मोकळी कर. मी ते माझ्या शेगडीपुढे बसून लिहिलं, तू ते तुझ्या टेबलावर वाचलंस.

तुझी चूक आहेच. माझीही आहे. आत आवाज आहे एवढे तीन शब्द मी लिहिले नाहीत. का लिहिले नाहीत? लिहिताना हात अडला, म्हणून. दुसरं कारण नाही.

आता तुला एक सांगतो, आणि ते तुला कळायलाच हवं. मला पृथ्वीचा आवाज ऐकू येणार नव्हताच. मी दुसरंच ठरवून बसलो होतो. वर्षा ते यंत्र कानाला लावून ऐकायला बसली की मी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसणार होतो. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं असतं, आता तो हसवतोय, आता माझ्या तक्रारी सांगतोय, आता नुसताच पैंजण वाजतोय. मला तेवढं पुरलं असतं. दिवाळीपासून मी त्याची वाट बघत होतो. ते गेलं, आणि मला फार वाईट वाटतंय. तुझ्याजवळ नाही बोलायचं तर कुणाजवळ बोलू.

वर्षाला मी सांगणार आहे की मीच पुसायला लावलं. सुनेने किती दिवस त्या खोलीत बसायचं म्हणून मुद्दाम लावलं, असं सांगेन. तिचा राग माझ्यावर निघू दे. मी घरातला, माझ्यावर चिडून ती जाणार कुठे? तुझ्यावर चिडली तर तुझं येणं तुटेल. पृथ्वीच्या बरोबरीचं कुणीतरी ह्या घरात येत राहायला हवं. तू तिच्याजवळ तोंड उघडू नकोस.

आण्णामामा


हुपरी,
१६ मार्च २०२५

उदयभाऊजींना वर्षाचा नमस्कार.

फोनच करणार होते. पण फोनवर एकतर शिव्या दिल्या असत्या नाहीतर रडले असते, आणि दोन्हींनी काम झालं नसतं. म्हणून आण्णांसारखं कागदावर लिहिते.

आण्णांनी मला सांगितलं की त्यांनीच पुसायला लावलं. मी अकरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी अबोला धरायचा म्हणजे त्याच्याकडे तोंड करायचं नाही. मी ताट ठेवायची आणि पाठ फिरवायची. ते माझ्या पाठीला सांगायचे, "आज आमटी झ्याक झालीया गं." रोज सांगायचे, आमटी कशीही झाली असली तरी. बाराव्या दिवशी त्यांचा सदरा धुवायला घेतला आणि खिशात तुमचं पत्र सापडलं. घड्या इतक्या वेळा घातलेल्या की मध्ये फाटायला आलंय.

मी तुमच्यावर चिडले आहे, हे आधी सांगते. तुम्ही विचारायला हवं होतं. आण्णांवरही चिडले, माझ्याशी खोटं बोलले म्हणून, आणि ते खोटं कशासाठी बोलले ते कळल्यावर चिडताही येईना. पण सगळ्यात जास्त राग माझाच येतो. तो कॉम्प्युटर वर्ष-दीड वर्ष तरी चांगला चालू असणार. नुसतं बटण दाबायचं होतं. पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवायला दहा मिनिटं लागली असती. मी रोज म्हणायचे, आज नको, आज ऐकलं तर उद्याचा दिवस कसा काढू? आवाज आहेच तिथे, जातोय कुठे, असं वाटायचं. आणि तो तिथे ठेवलाय म्हणून मी माझ्या डोक्यात जपलाच नाही.

आता बसून आठवायला लागले तर त्यांचे शब्द येतात, पण माझ्या आवाजात येतात. मला हाक मारायचे ती सुद्धा नीट येत नाही. शेवट लांबवायचे की तोडायचे? दहा वर्षं ऐकलेली हाक, आणि मला खात्रीने सांगता येत नाही. आण्णांना विचारून उपयोग नाही, आणि दुसरं विचारायचं कुणाला?

तुम्ही दोघं रोज फोनवर असायचात. आता एक करा. ते तुमच्याशी जे काही बोलायचे ते लिहून पाठवा. बोलायचे तसंच लिहा, शुद्ध करू नका. शिवी असेल तर शिवी लिहा. माझ्याबद्दल वाईट बोलले असतील तर तेही लिहा. नक्कल करून मोबाइलवर पाठवू नका, तो आवाज तुमचा होईल. कागदावर पाठवा. मी वाचते आणि ऐकू येतं का बघते.

आण्णांशी परत बोलायला लागले आहे. तुमचं पत्र वाळलेल्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवलं. मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका.

वर्षा


राजारामपुरी,
२ एप्रिल २०२५

ती. वर्षावहिनी यांस नमस्कार.

पंधरा दिवस लिहितोय. दुकानात लिहायला बसलो की पहिलं वाक्य येतं आणि मग गिऱ्हाईक येतं. आज शटर अर्धं ओढून बसलोय.

फोन उचलला की दादाचं पहिलं वाक्य, "हां, बोल की." फोन त्यानेच लावलेला असला तरी. मी म्हणायचो, तूच केलायस, तूच बोल. मग, "व्हय की. इसरलोच." आवाज जाड नव्हता, सर्दी झाल्यासारखा जरासा नाकातून यायचा. घरात मामांशी मोठ्याने बोलून सवय झालेली, म्हणून फोनवरही ओरडायचा. मी मोबाइल कानापासून वीतभर लांब धरायचो.

नमुने बोलताना मी एकदाच समोर होतो. "नमुना एकशे चौदा. घुंगरं बत्तीस." मग घसा खाकरला. आकड्याच्या आधी नाही, नंतर. पैंजण वाजवला, आणि त्या माईकलाच विचारलं, "ऐकाय आलं न्हवं?" मी हसलो तर म्हणाला, "हसू नगंस, आण्णांस्नी इचारून इचारून सवय लागलीया."

तुमच्याबद्दल. "वर्षीला कॉम्प्युटर शिकवाय गेलतो. चार दिसांत तीच मला शिकवाय लागली. आता घरात दोन मास्तर हाईत आन् पोरगं एक बी न्हाय." हे हसत म्हणाला. हे लिहू की नको असं झालं होतं, पण तुम्ही सगळं लिहा म्हणालात.

एकदा तुम्ही माहेरी गेला होतात. "बायकू न्हाय तर भांडाय कोन न्हाय रं. आण्णांशी भांडावं तर त्यास्नी ऐकू येत न्हाय, नुसतं माझं तोंड दुखतंय. लवकर ये म्हन तिला. तू म्हन. मी म्हनलो तर डोक्यावर बसंल." मी तुम्हाला फोन केला नव्हता, राहून गेलं.

हाकेचं तुम्ही विचारलंत. फोनवर असतानाच तो तुम्हाला हाक मारायचा, ती मी शेकडो वेळा ऐकली आहे. "वर्षेऽ" असा शेवट लांबवायचा, आणि लांबवताना आवाज खाली यायचा, वर जायचा नाही. चिडलेला असला की "वर्षाराणी," सगळं नाव, तुटक.

शेवटचा फोन मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेला नाही. एकवीस फेब्रुवारी, दुपारचा पाऊण वाजला होता.

"उद्या, ती दुसरी डिस्क कवा बसवतोस? माझं सगळं एकीवरच हाय. ती गेली तर काय करू?"

मी म्हणालो, "परवा येतो दादा."

"तुझा परवा म्हंजी शिमग्यानंतर."

"नाही, परवा नक्की."

"बरं. ये. मटनच करूया. आता साचा आणाय शिरोलीला निघतोय. चल, ठेवतो. वर्षा जेवायची थांबलीया."

एवढंच. वहिनी, ती दुसरी डिस्क तेव्हा माझ्या टेबलावर होती. उचलून हुपरीच्या गाडीत बसलो असतो तर दोन्हीकडे आवाज राहिला असता. मामांच्या शब्दावर मी चूक ढकलली, पण पहिली चूक ही आहे. डिस्क अजून माझ्याकडे आहे, खोकंही फोडलेलं नाही.

उदय


हुपरी,
९ एप्रिल २०२५

उदयभाऊजींना नमस्कार.

पत्र मिळालं. माईकला विचारलं ते वाचून हसायला आलं. आण्णा समोर बसले होते, त्यांनी काय म्हणून विचारलं नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग मी पुढचं वाचताना तोंड त्यांच्याकडेच ठेवलं.

दुसरी डिस्क घेऊन या. त्यावरून मी तुम्हाला काही बोलणार नाही. बोलले तर मलाही बरंच ऐकून घ्यावं लागेल, तेही स्वतःकडूनच.

त्या दिवशी मी जेवायची थांबले नव्हते. हे आण्णांनासुद्धा माहीत नाही. सकाळी आमचं काहीतरी बिनसलं होतं, काय ते आता आठवतही नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या आधी जेवले आणि ताट घासून पालथं घातलं. फोन ठेवून ते आत आले, त्यांनी ते ताट बघितलं. दोन वर्षं मला एवढंच दिसतंय, ताट आणि त्यांचं बघणं. त्याच्या पुढचं काही येतच नव्हतं. तुमच्या पत्रातली त्यांची शेवटची ओळ वाचली आणि पुढचं आलं. शब्दांसकट आलं. मला त्यांचा आवाज ऐकू आला, भाऊजी. तुम्ही लिहिलंय तसाच, नाकातून, आणि शेवटाला खाली उतरणारा.

"जेवलीस व्हय? बरं केलंस," म्हणाले. स्वतःच भाकरी वाढून घेतली. मग म्हणाले, "वर्षेऽ, बस की जरा हितं, मी जेवूस्तवर."

मी म्हणाले, कपडे वाळत घालायचेत. आणि वर गेले.

वर्षा